फ्लेमिंगो नेमके कधी दिसतात?

सीवूड्स-नेरुळच्या तळ्यांवर फ्लेमिंगो नेमके कधी दिसतात, हा प्रश्न नवी मुंबईत दर हिवाळ्यात विचारला जातो. उत्तर बहुधा महिन्यांत मिळते: नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत. ते बरोबर असूनही अपुरे पडते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी गेलेल्याला तळे गुलाबी दिसते. पुढच्या रविवारी त्याच वेळी गेलेल्याच्या वाट्याला दोन बगळे आणि ओला चिखल येतो. पक्षी मुलूख सोडून गेलेले नसतात. ते जवळच खाडीत चरत असतात. सकाळी आठ वाजता ते तळ्यात असतील की खाडीत, हे भरती-ओहोटीवर ठरते. म्हणून पाणथळीतल्या पक्ष्यांचे छायाचित्रण शिकणाऱ्याने आधी पाण्याचे वेळापत्रक समजून घ्यावे. लेन्स कोणती घ्यावी, हा प्रश्न त्यानंतरचा.

१. खाडी आणि तळी

मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये ठाणे खाडी आहे. दिवसातून दोनदा समुद्राचे पाणी तिच्यात चढते आणि दोनदा उतरते. पाणी उतरले की दोन्ही काठांवर चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. या चिखलात शेवाळ, कृमी, बारीक शिंपले, खेकडे आणि निवट्या यांची दाटी असते. दोन्ही शहरांचे सांडपाणीही इथेच येत असल्याने शेवाळाला खतपाणी मिळते. फ्लेमिंगोंच्या गर्दीमागे ही फारशी अभिमानास्पद नसलेली गोष्टसुद्धा आहे.

राज्य सरकारने २०१५ मध्ये या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर आणि बुलढाण्यातील लोणार यांच्यानंतरचे हे महाराष्ट्रातले तिसरे रामसर स्थळ. ऐरोलीला कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून बोटीने खाडीत जाता येते.

खाडीच्या काठाने तिवरांची दाट पट्टी आहे आणि त्या पट्टीच्या आतल्या बाजूला उथळ तळी. टीएस चाणक्य, एनआरआय आणि डीपीएस या नावांनी ओळखली जाणारी तळी पाम बीच रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला आहेत. शहर वसण्यापूर्वी ही सारी खाजणे होती. आगरी-कोळी शेतकरी बांध घालून भरतीचे पाणी अडवत आणि उघाडीतून आतले पाणी ओहोटीला बाहेर सोडत. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने शहर उभारताना तेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले. सखल शहरात भरतीच्या वेळी पावसाचे पाणी तुंबू नये म्हणून धारण तलाव खोदले गेले. ओहोटी लागली की त्यांतले पाणी खाडीत जाते.

पक्ष्यांच्या दृष्टीने खाडीतला चिखल ही चरण्याची जागा आणि तळे ही थांबण्याची. चिखल पाण्याखाली गेला की चरणे बंद होते आणि थवे तिवरांवरून उडून तळ्यांत उतरतात. पाणी ओसरेपर्यंत ते तिथे एका पायावर झोप काढतात, पिसे साफ करतात, थोडेफार चरतातही. पुढची लोकल येईपर्यंत फलाटावर थांबलेल्या प्रवाशांचे जे चालते, तेच हे. तळ्यावर पक्षी हवे असतील तर भरतीला जावे, एवढा या सगळ्याचा अर्थ.

२. तिथीवरून भरती

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरची जुनी रीत आजही कामाला येते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहाला. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हिशेब एकच. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात, त्यामुळे भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. ही पाऊणपट त्यातूनच आली आहे.

हिशेब ढोबळ आहे. अमावास्या-पौर्णिमेला तो सव्वाअकरा सांगतो, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. छापील कोष्टकातली वेळ मुंबई बंदराची असते आणि खाडीत आत पाणी थोडे उशिरा पोहोचते. शनिवारी रात्री रविवारचा बेत ठरवायला मात्र ही रीत पुरते.

वेळेइतकीच उंचीही महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या घरात चढते आणि चिखल पूर्ण बुडतो. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची भरती येते, ती सव्वातीन-साडेतीन मीटरवर थांबते. अशा वेळी चिखलाचा काही भाग उघडाच राहतो आणि पक्ष्यांना खाडी सोडण्याचे कारण उरत नाही. भरतीची वेळ गाठूनही तळे रिकामे मिळते ते यामुळे. शिवाय हिवाळ्यात मोठे उधाण रात्री येते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी दिवसा.

आता सकाळचा बेत आखून पाहू. दशमीला भरती साडेसातला, वेळ उत्तम. पण पाणी अजून भांगाचे. पौर्णिमेला पाणी भरपूर, पण भरती भर दुपारी. मधला मार्ग द्वादशी-त्रयोदशीचा. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती असेल तर चिखल सातपासून आक्रसू लागतो आणि थवे सात ते नऊच्या दरम्यान तळ्यात उतरत राहतात. फेब्रुवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. पक्ष्यांची येण्याची वेळ आणि कोवळे ऊन एकत्र मिळते ते असे. पंधरवड्यातून दोन-तीन दिवस, त्यापेक्षा जास्त नाही.

३. ऊन आणि वारा

तळी शहराच्या पश्चिमेला असल्याने बांधावर उभ्या राहिलेल्याचे तोंड पश्चिमेकडे असते. सकाळी सूर्य पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर सरळ प्रकाश: पिसांचा गुलाबी रंग, डोळ्याची बाहुली, चोचीचा काळपट लाल सगळे उठून दिसते. संध्याकाळी उलट. सूर्य पक्ष्यांच्या मागे जातो आणि रंग हरवून आकार उरतात. संध्याकाळी रंगीत फोटोचा हट्ट सोडून द्यावा. लांब मान आणि काटकुळे पाय असलेल्या पक्ष्याइतका काळ्या आकृतीला योग्य विषय दुसरा नाही. पंचमी-षष्ठीला भरती चार-साडेचारच्या सुमाराला येते, त्यानंतर पाणी उतरते आणि सूर्य मावळताना थवे खाडीकडे परत निघू लागतात.

वाऱ्याकडे नवशिक्यांचे लक्ष जात नाही आणि तिथेच अर्धे फोटो बिघडतात. पक्षी उडतो आणि उतरतो तो वाऱ्याला सामोरा. स्वस्थ उभा असतानाही त्याला वाऱ्याकडे तोंड ठेवणे बरे वाटते, नाहीतर पिसे उलटी विस्कटतात. हिवाळ्यात सकाळी मतलई वारे वाहतात, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, पूर्वेकडून पश्चिमेला. त्या वाऱ्यात उतरणारा थवा बांधाकडे तोंड करून येतो आणि त्याच्या अंगावर समोरून ऊन असते. दुपारी खारे वारे सुरू झाले की सगळे पश्चिमेकडे वळतात आणि छायाचित्रकाराला शेपट्या दिसतात. सकाळची वेळ चांगली म्हणतात त्यामागे प्रकाशाइतकाच हा वारा आहे.

मार्चनंतर आणखी एक अडचण येते. नऊ-साडेनऊला चिखल तापतो आणि वरची हवा थरथरू लागते. डोळ्यांना फारसे जाणवत नाही, पण लांब लेन्समधून पक्ष्याची कड विरघळल्यासारखी दिसते. लोक लेन्सला दोष देतात. यावर उपाय एकच, लवकर जाऊन लवकर परतणे. मेच्या मध्यावर तर मुंबईत दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो आणि पक्ष्याचे पोट काळे पडते.

४. वर्षाचा फेरा

फ्लेमिंगो हे वर्षाचे एक प्रकरण झाले. बाकीचे वर्षही रिकामे नसते.

पावसाळ्यात खाडीवर स्थलांतरित जवळजवळ नसतात, पण स्थानिक पक्षी वर्षातल्या सर्वांत देखण्या रूपात असतात. एरवी मातकट रंगाचा, चिखलात मिसळून जाणारा वंचक या दिवसांत पाठीवर गर्द तांबडा-किरमिजी होतो. गायबगळ्याचे डोके आणि मान सोनेरी होते. गोड्या पाण्याच्या तळ्यांत कमळपक्षी, पाणकोंबडी आणि हळदीकुंकू बदक पिल्ले वाढवतात आणि पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरणीची घरटी लटकतात. ढगाळ प्रकाशाला लोक नाके मुरडतात, तो खरे तर पांढऱ्या पक्ष्यांना फार चांगला असतो, कारण कडक सावल्या पडत नाहीत आणि बगळ्याच्या पिसातला तपशील टिकतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात: तुतारी, चिखले, पाणटिवळे, कुरव. शेकाट्या लाल पायांवर सर्वत्र दिसतो. ओळखायला हे दिवस कठीण, कारण बहुतेकांच्या अंगावर हिवाळ्याचे राखी-तपकिरी कपडे असतात आणि पक्षी-पुस्तकातली रंगीत चित्रे कामी येत नाहीत. चोचीची लांबी आणि वळण, पायांचा रंग आणि चालण्याची ढब यांवरून ओळख पटते. म्हणून या काळात पूर्ण पक्षी, पायांसह, बाजूने टिपलेला फोटो सर्वांत उपयोगी.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा गर्दीचा काळ. पक्षी आणि छायाचित्रकार दोघांच्याही.

खरी मजा मार्च-एप्रिलमध्ये आहे आणि तेव्हा बांधावर माणसे कमी होऊ लागतात. परतीच्या प्रवासाआधी पाहुणे पिसे बदलतात. कुरवांच्या पांढऱ्या डोक्यावर हिवाळाभर कानाजवळ एक काळपट ठिपका असतो. मार्चमध्ये त्या डोक्यावर रंग चढतो आणि थोड्याच आठवड्यांत सगळे डोके गडद होते. पाणटिवळ्यांची मान आणि छाती तांबूस होते, काही तुतारी विटेसारख्या लाल होतात. एकाच थव्यात कोणी अर्धा बदललेला, कोणी पुरता, कोणी अजून राखी. त्याच तळ्यावर, त्याच जागेवरून जानेवारी ते एप्रिल दर पंधरवड्याला काढलेली फोटोंची मालिका शंभर सुट्या फोटोंपेक्षा जास्त सांगते.

५. रोहित जवळून

फ्लेमिंगोला मराठीत रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. खाडीत दोन जाती येतात. मोठा रोहित उंच, फिकट, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळे. धाकटा रोहित बुटका, रंगाने गडद, चोच पूर्ण काळपट लाल. थव्यांत बहुसंख्य धाकटे असतात. करडे, मळकट दिसणारे पक्षी ही पिल्ले. रोहितांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. शेवाळातील आणि त्यावर जगणाऱ्या जीवांतील रंगद्रव्य पिसांत उतरायला काही वर्षे लागतात.

धाकटा रोहित सूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित चिखल ढवळून किडे, शिंपले, झिंगे शोधतो. दोघेही चोच उलटी करून, म्हणजे वरचा जबडा खाली ठेवून खातात. जीभ आत पाणी ओढते आणि बाहेर टाकते, चोचीच्या कडांवरच्या बारीक पडद्यांत अन्न अडकते. फोटोच्या दृष्टीने याचा परिणाम असा की चरणाऱ्या पक्ष्याचे डोके बहुतांश वेळ पाण्यात असते. डोके वर येते ते क्षणभर आणि त्या क्षणी चोचीवरून पाण्याची धार सुटते. नजर एकाच पक्ष्यावर ठेवून वाट पाहणाऱ्याला ती मिळते. थवाभर लेन्स फिरवणाऱ्याला मिळत नाही.

उड्डाणाआधी रोहित पूर्वसूचना देतो. जड अंगाचा हा पक्षी जागच्या जागी उडू शकत नाही, त्याला पाण्यावर काही पावले धावावे लागते. धावण्याआधी माना ताठ होतात, गट एका दिशेने चालू लागतो. पंख उघडले की एरवी झाकलेला लालभडक पट्टा आणि काळी उड्डाणपिसे दिसतात. अग्निपंख हे नाव कुठून आले ते त्या वेळी सांगावे लागत नाही.

हे पक्षी येतात कोठून? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाद्वारे माग देणारी यंत्रे बसवली. त्यांना हुमायून, सलीम, मॅककॅन अशी पक्षी-अभ्यासकांची नावे दिली होती. एकाचे नाव होते ‘नवी मुंबई’. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांतील पक्षी गुजरातेत पोहोचल्याचे दिसले. कच्छचे रण ही रोहितांची जुनी वीण-भूमी.

६. तीन आकडे आणि एक पांढरा बगळा

फोटो किती उजळ येतो हे तीन गोष्टींवर ठरते: छिद्राचा आकार, झडप किती वेळ उघडी राहते आणि संवेदनशीलता म्हणजे आयएसओ. स्वच्छ उन्हाचा एक जुना नियम पाठ असावा. छिद्र एफ १६, आयएसओ १००, तर झडप १/१०० सेकंद. आता छिद्र मोठे करून एफ ५.६ वर आणू. १६ वरून ११, ८, ५.६ अशा तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट. म्हणून झडप तीनदा निम्मी: १/८००. आयएसओ ४०० केला तर आणखी दोन पायऱ्या: १/३२००. उडणारा पक्षी स्थिर दिसायला १/२००० पुरे असते, तेव्हा भर उन्हात चिंता नाही. सकाळी सूर्य नुकताच वर आलेला असताना प्रकाश साधारण दोन पायऱ्यांनी कमी असतो. तिथे आयएसओ ८०० ते १६०० करावा. फोटो थोडा रवाळ आला तरी चालतो. हललेला फोटो नंतर सुधारत नाही.

कॅमेऱ्याचे मोजमाप मात्र एका गैरसमजावर उभे आहे. समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम करड्या छटेचे असावे, असे तो धरून चालतो. काळ्या चिखलात एकटा बगळा उभा असेल तर कॅमेऱ्याला सगळे अंधारलेले वाटते. तो प्रकाश वाढवतो आणि बगळ्याचा नुसता पांढरा डाग होतो. इथे एक पायरी कमी करावी. पांढुरक्या आकाशात उडणारा थवा असेल तर उलट घडते, थवा काळा पडतो. तिथे एक पायरी वाढवावी. रोहित मध्यम छटेचा असल्याने त्याच्या बाबतीत कॅमेरा सहसा चुकत नाही. पहिला फोटो काढून पडद्यावर पिसे वेगवेगळी दिसतात का हे पाहण्याची सवय मात्र सगळ्यांसाठीच लावावी.

लेन्सबद्दल एकच हिशेब. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ६०० मिलिमीटरची लेन्स शंभर मीटर अंतरावर सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच चौकट टिपते. सव्वा मीटर उंचीचा मोठा रोहित तिच्यात एक-तृतीयांशापेक्षा थोडा कमी उंची व्यापतो. ३०० मिलिमीटरमध्ये त्याच्या निम्मी. एका पक्ष्याचे चित्र हवे असेल तर लांब लेन्स लागते, यात शंका नाही. पण मागे इमारती, खाली थवा आणि मध्ये तिवरांची हिरवी रेघ हे नवी मुंबईचे खास दृश्य साध्या लेन्सने, अगदी मोबाइलनेही चांगले येते. लाखोंची लेन्स घेऊन रिकाम्या तळ्यावर उभे राहण्यापेक्षा हे बरे.

७. किती जवळ?

तळ्यात उतरलेला पक्षी विश्रांतीला आलेला असतो. त्याला उठवले तर त्याची शक्ती खर्च होते, आणि एप्रिल-मेमध्ये तीच शक्ती त्याला पुढच्या प्रवासाला हवी असते. टाळ्या वाजवून, खडा मारून किंवा ड्रोन सोडून उडवलेल्या थव्याचा फोटो कितीही भव्य आला तरी त्यात कौशल्य काही नाही. चरणे थांबवून माना वर झाल्या आणि पक्षी एकत्र विरुद्ध दिशेला चालू लागले की अंतर ओलांडले गेले असे समजावे आणि मागे यावे. बांधावर आधीच जाऊन, बसून राहणे सर्वांत फायद्याचे. भरती चढते तसे पक्षी स्वतःच सरकत जवळ येतात. बसल्याने कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर येतो, हा वरचा लाभ. चिखलात मात्र उतरू नये. तो दिसतो त्यापेक्षा खोल असतो. पावसाळ्यात घरट्यांच्या जवळ जाणे तर पूर्ण टाळावे.

या तळ्यांचे भवितव्य पाण्याच्या वाटांवर अवलंबून आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये डीपीएस तळे कोरडे पडले. भरतीचे पाणी आत आणणाऱ्या वाटा बुजल्या होत्या. त्याच सुमारास त्या परिसरात रोहित मेलेले आणि जखमी सापडले. पुढच्या महिन्यात, २० मेच्या रात्री, घाटकोपरजवळ विमानाला धडकून चाळीसच्या आसपास रोहित मरण पावले. २०२५ मध्ये राज्य सरकारने डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा काळात तारीख, वेळ आणि जागा नोंदवलेला साधा फोटोही पुरावा ठरतो. भरतीच्या वेळी कोरडे दिसणारे तळे, बुजलेली उघाडी, रिकामा बांध, हेही टिपून ठेवावे.

एखाद्या रोहिताच्या किंवा तुतारीच्या पायात रंगीत कडे वा पट्टी दिसली तर देखणा फोटो बाजूला ठेवून आधी तिच्यावरची अक्षरे वाचता येतील असा एक फोटो काढावा आणि तो स्थळ-वेळेसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावा.